रेंज नाही

बऱ्याच महिन्यांनी ब्लॉगवर लिहितोय. मध्ये दोनदा लिहायला बसलो होतो, पण ड्राफ्टच्या पुढे गाडी सरकली नाही. आज जे लिहितोय ते अर्धं लिनक्सबद्दल आहे आणि अर्धं बाबांबद्दल. त्यामुळे आत्या, मावशी आणि इतर नातेवाईक मंडळींनी लिनक्सचे परिच्छेद सोडून वाचले तरी चालेल. ब्लॉगवाल्या मित्रांनी मात्र सगळं वाचा, नाहीतर कॉमेंटमध्ये सापडालच :)

सप्टेंबर २०१५ मध्ये आई गेली. यवतमाळचं घर एकदम मोठं झालं आणि त्यात बाबा एकटे. बहीण तिथेच, पण गावाच्या दुसऱ्या टोकाला. मी पुण्यात. त्या दिवाळीला मी बाबांसाठी एक लॅपटॉप घेऊन गेलो. टेलिफोनच्या तारेवरचं ब्रॉडबँड घरी होतंच, त्याला वायफायचा राऊटर जोडून दिला. कल्पना अशी की बाबा रोज संध्याकाळी छपरीत बसतात, तिथे लॅपटॉप उघडतील आणि आमच्याशी, मुख्य म्हणजे नातीशी, समोरासमोर बोलतील. स्काईप कसं लावायचं ते कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीला चिकटवलं आणि कर्तव्यदक्ष मुलासारखा परत आलो.

बाबा आले नाहीत. म्हणजे स्काईपवर. पहिल्या आठवड्यात दोनदा आले, चेहरा थिजलेला, आवाज तुकड्या-तुकड्यांत, मग गायब. नंतर फोनवर विचारलं की एकच उत्तर, "रेंज नाही."

"बाबा, मोबाईलला असते ती रेंज. हे वायफाय आहे."

"काही असो बापा, पण नाही."

मी काय समजलो ते आज लिहायला लाज वाटते, पण लिहायचंच आहे. मला वाटलं बाबांना बोलायचं नाहीये. आई असताना फोनवर तीच बोलायची, बाबा शेवटी येऊन "ठीक आहे न? ठेवू का?" एवढंच विचारायचे. आता मध्ये आई नाही, आणि आमच्यात बोलायला काही उरलेलं नाही, म्हणून हे निमित्त. एकदा तर मी बोलूनही गेलो, "बाबा, तुम्हाला जमत नाही असं सरळ सांगा ना." ते काही बोलले नाहीत. नंतर फक्त म्हणाले, "तार निसटली असन कुठंतरी. येशीन तं पाह्यजो."

आता मला सांगा, वायफायमध्ये कसली आली तार? बिनतारी म्हणूनच तर त्याला बिनतारी म्हणतात. मी हसून सोडून दिलं.

मे २०१६ मध्ये बाबा पुण्याला आले, लॅपटॉप सोबत. मी त्यात उबुंटू १६.०४ नव्याने टाकलं. माझ्या टेबलावर, राऊटरपासून हातभर अंतरावर, लॅपटॉप झकास चालला. झालं, माझा निकाल लागला. "बाबा, बघा, चालतोय की!" आमच्या धंद्यातलं सगळ्यात जुनं वाक्य आहे हे, 'माझ्याकडे तर चालतंय'. टेस्टिंगवाल्यांना आम्ही दिवसातून चारदा ऐकवतो. त्या दिवशी बाबांना ऐकवलं.

२०१६ ची दिवाळी, ऑक्टोबरची अखेर. यावेळी मी पहिल्यांदाच बाबांच्या खुर्चीत, छपरीत, लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलो. राऊटर मधल्या खोलीत, मध्ये दीड फुटी जुन्या दोन भिंती. तरी अंतर असून असून पंचवीस फूट. माझा मोबाईल सिग्नल दाखवत होता उणे ४८. लॅपटॉप दाखवत होता उणे ८६.

ही संख्या डीबीएममध्ये असते. शून्याच्या जितकी जवळ तितका सिग्नल जोरदार. आणि ही मोजपट्टी साधी नाही, दर दहा अंकांना ताकद दहा पटीने घटते. म्हणजे ३८ अंकांचा फरक म्हणजे सहा हजार पटींचा फरक. एकाच खुर्चीत, एकाच वेळी, मोबाईलला जेवढं ऐकू येत होतं त्याच्या सहा हजाराव्या हिश्श्याएवढं लॅपटॉपला ऐकू येत होतं. म्हणजे बाबा वर्षभर खरं तेच सांगत होते. रेंज नव्हती.

मग मी कामाला लागलो. (इथून लिनक्स सुरू. आत्या, पुढे 'छपरी' शब्द दिसेपर्यंत सोडून द्या.)

लॅपटॉपमधल्या वायफायच्या कार्डाला कर्नल ज्या भागातून चालवतो त्याला ड्रायव्हर म्हणतात. या कार्डाचा ड्रायव्हर होता आरटीएल८७२३बीई. आधी वाटलं वीज वाचवण्याची भानगड असेल. हे ड्रायव्हर बॅटरी वाचवायला कार्डाला मध्ये मध्ये झोपवतात आणि कधी कधी ते वेळेवर उठत नाही. आयपीएस, एफडब्ल्यूएलपीएस असे पॅरामीटर बंद करून पाहिले. फरक नाही. मग देशाची नोंद तपासली, कारण कोणत्या देशात कोणत्या चॅनेलवर किती ताकदीने बोलायचं हे कर्नल त्यावरून ठरवतो. राऊटरचं चॅनेल बदललं. डीमेसगचे लॉग ओळ न ओळ वाचले. एकही चूक नाही. कार्ड अगदी आनंदात होतं, फक्त बहिरं होतं. दोन दिवस यात गेले. फराळाची ताटं येत होती आणि मी एका हाताने चकली खात दुसऱ्या हाताने ड्रायव्हर काढत-घालत होतो.

बाबा छपरीत शेजारी बसून बघत होते. मधूनच म्हणायचे, "तार पाह्यली का?"

तिसऱ्या दिवशी भाचा आला. तो कॉलेजच्या कामासाठी याच लॅपटॉपमधलं विंडोज वापरायचा. म्हणाला, "मामा, विंडोजमधी तं मस्त चालते." लावून दाखवलं. खरंच, त्याच खुर्चीत, पूर्ण रेंज.

मी लगेच बाबांकडे वळलो. "बघा, विंडोजमध्ये चालतंय म्हणजे तार ठीक आहे. दोष सॉफ्टवेअरचा आहे." बाबा म्हणाले, "असन. पण खोलून पाह्यल्याबिगर काऊन बोलतं?"

बाबांबद्दल थोडं सांगायला हवं. १९७६ साली ते राज्य विद्युत मंडळात लागले, आणि घाटंजी, पांढरकवडा, आर्णी असं करत लाइनमन म्हणून जिल्हाभर फिरले. २००५ मध्ये मंडळाच्या कंपन्या झाल्या, त्यानंतर काही वर्षांनी निवृत्त झाले. त्यांचा एकच नियम होता, ऑफिसात बसून फॉल्ट सांगायचा नाही. खांबाखाली उभं राहायचं. पिन इन्सुलेटरला केसाएवढी चीर असते, कोरड्या दिवसात लाइन ठणठणीत चालते आणि पहिल्या पावसात ट्रिप होते. खालून दिसत नाही, वर चढावंच लागतं. परमिट घ्यायचं, लाइनला अर्थ करायचं, मग चढायचं. "कागदावर लाइन कधीच तुटत नाही," असं ते म्हणत.

तर शेवटी खोलला लॅपटॉप. बाबांनी स्क्रू एका वाटीत ओळीने लावून ठेवले, टॉर्च धरला, आणि माझ्याआधी त्यांनाच दिसलं. "एक खिळा रिकामा आहे."

वायफाय कार्डावर अँटेनाची वायर टोचायला मोहरीएवढ्या दोन सोनेरी जागा होत्या, एक आणि दोन. वायर एकच. ती एका जागी नीट बसलेली, दुसरी जागा रिकामी. निसटलेली नव्हती. लॅपटॉप बनवणाऱ्यांनी मुळात एकच अँटेना दिली होती.

मी बुचकळ्यात. एक वायर आहे, ती जोडलेली आहे, विंडोजला चालते. मग लिनक्सला काय झालं? बाबा दोन मिनिटं बघत राहिले आणि म्हणाले, "तुझा लिनक्स मेलेल्या फेजवर आहे."

आमच्याकडच्यांना हे समजावून सांगायला नको. तीन फेज येतात, त्यातली एक मेली की माणूस उठून फ्यूज चालू फेजवर टाकतो. वायरिंग ठीक असतं, लाइटही आलेली असते, फक्त तुमचं घर नेमकं मेलेल्या फेजवर असतं.

तसंच होतं. त्या रात्री ड्रायव्हरच्या सोर्समधल्या बदलांची यादी चाळली आणि सापडलं. कार्डावर एक छोटी कायमची मेमरी असते, अँटेना कोणत्या जागी जोडली आहे ते कारखान्यात तिच्यात लिहून ठेवतात. काही लॅपटॉपांत वायर एका जागी जोडलेली आणि नोंद दुसऱ्या जागेची. लिनक्सचा ड्रायव्हर भोळा, नोंद वाचून रिकाम्या जागेला कान लावून बसायचा. राऊटर हातभर अंतरावर असेल तर त्या उघड्या टोकालाही पुरेसं ऐकू यायचं. म्हणून पुण्यात चालायचा!

त्याच वर्षी, जुलै २०१६ मध्ये आलेल्या ४.७ कर्नलमध्ये यावर इलाज आला होता. अँटसेल नावाचा एक पॅरामीटर. एक किंवा दोन लिहायचं, ड्रायव्हर नोंदीकडे न बघता ती जागा ऐकतो. सोबतच्या टिपणात कारणही दिलं होतं. लॅपटॉप उघडून वायर हलवणं सगळ्यांना शक्य नसतं, वॉरंटी जाऊ शकते, आणि वायर हलवली तर त्याच लॅपटॉपवरचं विंडोज बहिरं होईल. लिहिणाऱ्याचं नाव लॅरी फिंगर.

आमच्या उबुंटूत कर्नल ४.४ होता, म्हणून रात्रभर नवा ४.८ उतरवला. सकाळी फाइलमध्ये एक ओळ लिहिली. एक घातलं, फरक नाही. दोन घातलं. उणे ५१.

बाबांनी विचारलं, "किती?" मी म्हटलं ५१. "म्हणजे आली," म्हणाले आणि आत चहा टाकायला गेले. त्या संध्याकाळी छपरीतून त्यांनी माझ्या मुलीशी पाऊण तास गप्पा मारल्या. ती पुण्यात, पाच वर्षांची. लॅपटॉप उचलून तिला कडुनिंबावरची खार दाखवली, शेजाऱ्यांची बकरी दाखवली, आजीची तुळस दाखवली. मी आतल्या खोलीत बसून ऐकत होतो. ज्या माणसाला बोलायचं नाही असं मी वर्षभर धरून चाललो होतो तो हा माणूस.

पुढची दीड वर्षं रोज संध्याकाळी सात वाजता आजोबा हजर.

मे २०१८ मध्ये मी गेलो आणि कुणी न सांगता लॅपटॉपवर नवं उबुंटू १८.०४ चढवलं. चालत्या गाडीला खीळ घालायची आमची जुनी सवय. ओळ तीच, पॅरामीटर तोच, आणि सिग्नल परत उणे ८०च्या पलीकडे. यावेळी तार तपासून झाली होती. मधल्या काळात कुणीतरी कर्नलमध्ये असा काही बदल केला होता की आमचा पॅरामीटर निकामी झाला. जुना कर्नल चांगला, नवा खराब, आणि मध्ये हजारो बदल. कोणता?

यवतमाळकरांना तो उन्हाळा आठवत असेल. निळोणा आणि चापडोह दोन्ही आटलेले, टँकरच्या मागे रांगा. कूलरमध्ये घालायला पाणी नाही, त्यामुळे कूलर नुसता गरम हवा फेकत होता. मी घामाघूम होऊन बदलांची यादी वरून खाली वाचत बसलो होतो. बाबांनी विचारलं काय करतोस, मी सांगितलं. ते म्हणाले, "असा खांब-खांब पाह्यत गेला तं सकाळ होईन. अर्ध्यावर तोड."

मग त्यांनी सांगितलं ते मी लहानपणापासून पाहिलं होतं पण कधी विचारलं नव्हतं. वादळानंतर फीडर ट्रिप होतो, चार्ज केला की पुन्हा ट्रिप. लाइन असते वीस किलोमीटर, रात्र, शेतांतला चिखल. लाइनमन काय करतो? मधला एबी स्विच उघडतो आणि सबस्टेशनला अलीकडचा अर्धा भाग चार्ज करायला सांगतो. टिकला तर फॉल्ट पलीकडे, नाही टिकला तर अलीकडे. मग उरलेल्या अर्ध्याचा अर्धा. मोबाईल नव्हते तेव्हा घड्याळं जुळवून जायचे, "सव्वा अकराला चार्ज कर", आणि खांबापासून लांब उभं राहून वाट बघायची.

मंडळी, गिटमध्ये हीच गोष्ट करणारी एक कमांड आहे. गिट बायसेक्ट. मधला बदल घ्या, कर्नल बांधा, तपासा, चांगला की खराब सांगा, की ती पुढचा मधला बदल काढून देते. एक लाख बदल असले तरी सतरा पावलांत गुन्हेगार हाती लागतो. आणि फक्त त्या ड्रायव्हरच्या फोल्डरपुरतं शोधायला सांगितलं, की तीनशे-चारशे बदलांना नऊ पावलं पुरतात. मला ती कमांड माहीत नव्हती असं नाही. वापरायची टाळत होतो, कारण दर पावलाला कर्नल नव्याने बांधायचा, आणि त्या लॅपटॉपवर एका वेळेला तीन तास. मग लोकलमॉडकॉन्फिग वापरून मशीनला लागतं तेवढंच ठेवलं, तेव्हा एक खेप पाऊण तासावर आली.

दोन दिवस हा कार्यक्रम चालला. बाबांनी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला तक्ता केला. वेळ, नंबर, सिग्नल, चांगला की खराब. मध्ये एकदा लाइट गेली आणि खेप वाया गेली, तेही लिहिलं. एक कर्नल सुरूच झाला नाही, तिथे लिहिलं "सोडला". आणि प्रत्येक खेपेच्या मधल्या पाऊण तासात, करायला काहीच नसल्यामुळे, बाबा बोलत होते. पांढरकवड्याच्या दिवसांबद्दल, विजेचा झटका बसून खांबावरून पडलेल्या सोबत्याबद्दल, लग्नानंतर आईला पहिल्यांदा घाटंजीला आणलं तेव्हा भाड्याच्या खोलीत वीजच नव्हती त्याबद्दल. लाइनमनच्या घरी कंदील म्हणून आई चाळीस वर्षं चिडवत राहिली, हे मला पहिल्यांदाच कळलं.

नवव्या खेपेला गाठ सापडली. हे कार्ड वायफाय आणि ब्लूटूथ दोन्हीचं आहे, दोघांनी एकमेकांच्या मध्ये बोलू नये म्हणून ड्रायव्हरमध्ये एक समन्वयाचा भाग आहे. त्या भागातल्या नव्या बदलाने अँटेनाची निवड परत आपल्याच मनाने करायला सुरुवात केली होती. मी मोठ्या उत्साहात तक्रार लिहायला बसलो, तर कळलं की आमच्यासारख्याच रडणाऱ्या आणखी लोकांसाठी दुरुस्ती आधीच लिहून झाली आहे. लिहिणारा पुन्हा लॅरी फिंगर. ती दुरुस्ती हाताने घालून कर्नल बांधला, उणे ५२. बाबांनी तक्त्याखाली रेघ मारली.

बाबा फेब्रुवारी २०२१ मध्ये गेले.

जून २०२४ मध्ये लॅरी फिंगर गेल्याची बातमी वाचली. ८४ वर्षांचे होते. मी इतकी वर्षं त्यांना कुठल्यातरी कंपनीतला तिशीतला इंजिनिअर समजत होतो! हे गृहस्थ मुळात खनिजांच्या स्फटिकांची रचना शोधणारे शास्त्रज्ञ. एल साल्वादोरमधल्या इसाल्को ज्वालामुखीवर सापडलेल्या एका खनिजाला त्यांच्या नावावरून फिंगराइट म्हणतात. कर्नलसाठी त्यांनी २००५ पासून, म्हणजे पासष्टीच्या आसपास, काम सुरू केलं. आधी ब्रॉडकॉमच्या कार्डांवर. त्यांची माहिती मिळत नव्हती, म्हणून एका गटाने तयार ड्रायव्हर उलगडून वर्णन लिहायचं आणि दुसऱ्याने ते वर्णन वाचून नवा ड्रायव्हर लिहायचा, असं ते काम चाललं होतं. मग आमच्या कार्डाच्या कुटुंबातले ड्रायव्हर. निवृत्तीनंतर, अनोळखी लोकांच्या मशीनींसाठी.

त्यांना मी एकदाही आभाराची मेल केली नाही. बाबांनाही सॉरी म्हटलं नाही. बायसेक्टच्या त्या दोन दिवसांत एकदा जिभेवर आलं होतं, तेवढ्यात कर्नल बांधून झाला आणि बाबा म्हणाले, "पाह्य, झालं तुझं."

लॅपटॉप आता माझ्याकडे आहे. बॅटरी संपली आहे, वायर लावूनच चालतो. त्या फाइलमध्ये अँटसेलची ओळ अजून आहे.

परवा बहिणीचा फोन आला, मुलाच्या नव्या खोलीत नेट नीट चालत नाही, तो बोलायचं टाळतोय असं तिला वाटतं. मी म्हटलं आधी त्याला विचार, बसतो कुठे. आणि तिथे जाऊन बस.

असो. बरंच लांबलं.